निवांत मावशीचे थांबे

निवांत मावशी चालताना विनाकारण कधी थांबायची नाही. ती थांबली की समोर कुणीतरी असायचंच. खाटेवरची बाई, फरशी पुसणाऱ्या बाई, दारात उभा असलेला कुणाचा तरी भाऊ. "जेवलास का रं?" "लेकराचा ताप उतरला का गं?" "तुमचं गाव कंचं?" असं विचारायची, पदर सारखा करायची, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि मगच पुढे निघायची. खाटेपासून मोरीपर्यंत जाऊन परत यायला तिला इतका वेळ लागायचा, की सगळ्या वॉर्डाला वाटायचं, ही बाई फार बोलघेवडी आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

मी अंबाजोगाईला श्वसनाच्या आजारांवरच्या उपचारांचं शिक्षण घेते. आईला मी एवढंच सांगितलं आहे की ज्यांना दम लागतो त्यांना तपासायचं, वाफ द्यायची, ऑक्सिजन लावायचा. वडील मांजरसुंब्याला एका धाब्यावर भट्टीपाशी काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून असेल कदाचित, सुरुवातीला मला रुग्णाला काही विचारायचा धीरच व्हायचा नाही. खाटेजवळ जाऊन नुसती उभी राहायचे. त्या दिवसांत मावशी भेटली. तिच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. पण आता ती नाही, आणि लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

तिचं हे नाव वॉर्डानं ठेवलेलं. तिला कसंही विचारा, उत्तर एकच. "मावशी, दम लागतोय का?" "न्हाई, निवांत हाय." "झोप लागली का?" "निवांत." पाय सुजून टम्म झालेले, उशीला टेकताही येत नाही म्हणून ती दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसलेली, मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, आणि तोंडानं म्हणायची, "निवांत हाय की. तुमचं चालू द्या." तेही एका दमात नाही. 'निवांत हाय की' आणि 'तुमचं चालू द्या' यांच्यामध्ये एक श्वास असायचा. आमचे सर म्हणायचे, "ती काय सांगते ते ऐक, पण कुठे तुटतं तेही ऐक."

पहिल्या दिवशी मी तिला "तुम्हाला खोकला किती दिवस आहे?" असं विचारलं, तर ती खट्टू झाली. "मावशी म्हनतीस न् वर तुमी म्हनतीस? मावशीला कुनी तुमी म्हनतं व्हय?" त्या दिवसापासून मी तिला तू म्हणू लागले, आणि बाकीच्यांना प्रश्न विचारायचा धीरही तिथूनच आला.

रुग्णाचे श्वास मोजायची एक पद्धत आम्हाला शिकवतात. मोजतो आहोत हे रुग्णाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की श्वास बदलतो. नाडी बघितल्यासारखं मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. मी तसं केलं. मावशीनं जरा वेळ चालू दिलं, मग म्हणाली, "हात माझा धरलास न् बघतीस भलतीकडंच. कावून गं?" मी गडबडले. खरं सांगितलं. ती हसली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "आता मोज. मी न्हाई बघत." आणि तोंड खिडकीकडे करून बसली. नंतर मी आले की ती आपणहून मनगट पुढे करायची आणि खिडकीकडे बघायची. आम्ही दोघींनी मिळून करायचं ते नाटक होतं.

एकदा सरांनी मला विचारलं, "ओठ कसे आहेत?" मी म्हटलं, "काळे-निळे दिसतात, सर." सर म्हणाले, "मावशी मिश्री लावते. ओठ आणि हिरड्या तशाच दिसणार. जीभ बघ, जिभेखाली बघ." मी तिला जीभ काढायला सांगितली. ती लाजली. "लहानपनी मोठ्या मान्साला जीभ दावली म्हनून आईनं लई हानलं होतं. आता एवढी शिकलेली मान्सं म्हनत्यात, काढ जीभ." आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे पाठ फिरवून, पदराच्या आड, तिनं मला जीभ दाखवली. जीभ निळसरच होती. मी वहीत लिहून घेतलं. तीच म्हणाली, "निवांत हाय न्हवं?"

दम लागला की ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा, हे तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. कसं समजवावं कळेना, म्हणून म्हटलं, "मावशी, चुलीपुढं फुंकणी फुंकतेस ना, तसं. पण हळू." ती माझ्याकडे बघत राहिली. "जल्मभर फुंकनीच फुंकली, बाई. डाक्टर म्हनतो त्या धुरानंच छाती गेली. न् आता पुन्ना फुंकनीच व्हय?" पण ती फुंकू लागली. नंतर कुणाला शिकवायची वेळ आली की मी तिलाच बोलवायचे. ती त्या बाईच्या खाटेवर बसायची आणि दोघी मिळून न दिसणारी चूल फुंकायच्या.

तिचे मालक, तात्या, नांदूरघाटच्या पलीकडे माळावर राहायचे. घर पत्र्याचं, मेंढरं बरीच, आणि मुलगा दिवसभर कळप घेऊन रानात. तात्या खांद्यावर घोंगडी टाकून यायचे. ते दारात दिसले की मावशी पाय चादरीखाली ओढून घ्यायची आणि ताठ बसायची. "कशी हायेस?" "निवांत. मेंढरं?" "निवांत." एवढंच बोलणं. पण ती मोरीकडे निघाली की तात्या सोबत चालायचे आणि त्यांच्या वहाणेत सारखा खडा जायचा. थोडं चालले की, "थांब गं, खडा गेला," म्हणून ते भिंतीला हात टेकून वहाण काढायचे, झटकायचे, आत बोट घालून बघायचे. मावशी थांबायची. "एवढ्या गुळगुळीत फरशीवर कुटनं खडा येतो ह्यास्नी, देव जाने," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. मला तेव्हा ती थट्टाच वाटली.

घरी जायचं तिला फार होतं, आणि का जायचं तेही तिनं सांगितलं होतं. दिवसभर मेंढ्या रानात असतात, कोकरं मागे वाडग्यात कोंडलेली असतात. वाडगं म्हणजे काट्याकुपाटीचं कुंपण. सांजेला कळप आला की कोकरं सोडायची. कुणाची आई कोण हे कोकरालाही कळतं आणि मेंढीलाही, तरी एखादी मेंढी आपलं पिल्लू घेतच नाही, एखाद्या कोकराची आई मेलेली असते. त्यांना दुसरीला लावावं लागतं. मेंढी गुडघ्यांत धरायची, कोकराचं तोंड आचळाला लावायचं, तिच्याशी बोलत राहायचं. "ह्यास्नी न्हाई जमत," मावशी म्हणायची. "मेंढी लाथ मारती ह्यास्नी. चूल सुनंनं घेतली. पानी सून आनती. कोकरं तेवढी ऱ्हायली माझ्याकडं. तीबी गेली तर मी घरात कशाला, बसून खायला?"

घर ते वाडगं मोठं अंतर होतं. वाडगं पार रस्त्याच्या कडेला होतं. तिथपर्यंत तिला चालता येतं का, चालताना रक्तातला ऑक्सिजन किती घसरतो, हे बघितल्याशिवाय सर तिला सोडणार नव्हते. ही चाचणी साधी असते. बोटाला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा लावायचा, रुग्णाला त्याच्या चालीनं सरळ चालायला सांगायचं, आकडा बघत सोबत राहायचं. चाचणी मी घ्यायची होती.

पहिल्यांदा घेतली ती फुकट गेली. सरांनी बजावलं होतं, चालताना बोलायचं नाही. मावशी दोन खाटा ओलांडून थांबली. "मावशी, बोलायचं नाही." "अगं, मान्सं बसल्याली हायेत. त्यांच्या म्होरनं तोंड मिटून जाऊ? म्हनतील, लई माज आला म्हातारीला." वॉर्ड हसला. ती प्रत्येक खाटेशी थांबली, प्रत्येक वेळी बोलून झाल्यावर निघाली, आणि चिमट्यावरचा आकडा प्रत्येक वेळी चालताना पडून थांबल्यावर सावरत राहिला. सर दारातून बघत होते. ते मला म्हणाले, "ती बोलायला थांबत नाही. थांबावं लागतं म्हणून बोलते. उद्या दुपारी बाहेरच्या व्हरांड्यात घे. तिथं कुणी नसतं."

त्या रात्री मला तात्यांच्या वहाणेतला खडाही कळला.

दुसऱ्या दिवशी व्हरांडा रिकामा होता. मावशीनं इकडे तिकडे बघितलं. "आज कुनीच न्हाई गं?" मी म्हटलं, "दुपार आहे ना मावशी, जेवतायत सगळे." ती निघाली. थोडं चालून खिडकीशी थांबली. "पाखरं बघ किती हायेत लिंबावर." मी बघितलं. पाखरं होती. पुन्हा चालली. भिंतीवर हात कसे धुवावेत याचा कागद चिकटवलेला होता, तिथं थांबली. "हे काय लिवलंय? वाच की." मी वाचून दाखवलं. जितकं हळू वाचता येईल तितकं हळू वाचलं, चित्रांखालचं बारीक अक्षरसुद्धा. ती मान डोलवत ऐकत होती, ओठांचा चंबू करून. वाचून संपलं. ती पुढे निघाली.

त्यापुढे व्हरांड्यात काहीच नव्हतं. खिडकी नव्हती, कागद नव्हता, बाक नव्हता. नुसती पिवळी भिंत. ती भिंतीच्या मध्यावर थांबली. पदर सारखा करायला हात उचलला, तो अर्ध्यातूनच भिंतीवर टेकला. तिनं बघायला काहीतरी शोधलं. मग माझ्याकडे बघितलं. बोलता येत नव्हतं. मी तिच्या पाठीमागे हात घातला आणि खुर्ची आणायला हाक मारली. चिमट्यावरचा आकडा मी बघितला, बघायचाच होता. पण आठवतो तो तिचा चेहरा. विनाकारण थांबलेली मावशी मी त्या एकाच वेळी बघितली.

सरांनी तिला आणि तात्यांना समोर बसवून सांगितलं. फुप्फुसं थकली आहेत, त्यांचा ताण हृदयावर येतो आहे, म्हणून पाय सुजतात. घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. दिवसातला बराच वेळ नळी नाकात हवी. चुलीजवळ जायचं नाही. नळी जेवढी लांब, तेवढंच चालायचं. सरांच्या ओळखीतून मशीन वापरायला मिळालं. मावशीनं नळी हातात घेऊन लांबी बघितली. "दावं बांधलं म्हना की मला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भिंतीपाशी थांबले ते सांगितलंस ना सरास्नी?" मी हो म्हटलं. "मग बरं केलंस. खोटं कशाला सांगायचं," असं म्हणून ती तात्यांकडे बघायला लागली. तात्या वहाणेकडे बघत होते.

त्यानंतर ती तपासणीला यायची. दर वेळी थोडी बारीक झालेली. दर वेळी मनगट पुढे, तोंड खिडकीकडे. मी विचारायचे, "मशीन लावतेस ना?" "लावते की. लाईट हाय तवर लावते." "आणि दिवसभर काय करतेस?" "कोकरं सोडते." मला राग यायचा. म्हणजे ही नळी काढून ठेवते आणि वाडग्यापर्यंत जाते. "मावशी, अंगावर बेतेल. नळी काढून एवढं चालायचं नाही." ती माझ्या गालाला हात लावायची. "न्हाई काढत गं. नळी नाकात ठेवून सोडते." "खोटं बोलू नकोस. नळी तिथपर्यंत पोचतच नाही." "पोचती," ती म्हणायची आणि तात्यांकडे बघून हसायची. तात्याही जरासे हसायचे. "फिकीर करू नगंस. निवांत हाय मी." तिच्या 'निवांत'वर मी कधीच विश्वास ठेवला नव्हता, तेव्हाही ठेवला नाही.

थंडी संपत आली होती तेव्हा तात्या एकटेच आले. खांद्यावर घोंगडी नव्हती. घोंगडीत काहीतरी गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. खाली ठेवून उलगडलं, तर आत मशीन. नळीची गुंडाळी करून वर सुतळी बांधलेली. मला कळलं, पण मी वेड्यासारखं विचारलं, "मावशी?" ते म्हणाले, "गेली. कोकरं पाजून झाली, न् बाजंवर टेकली, न् गेली. लई बेजार न्हाई झाली." मग मशीनवर हात ठेवून म्हणाले, "हे दुसऱ्या कुनाला तरी लागंल. एसटीत सीटवर ठिवलं. धक्का बसू नये म्हनून. मी उबाच ऱ्हायलो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसे ते घाईनं म्हणाले, "येऊन जा एकदा. तिनं सांगून ठिवलंय, पोरीला वाडगं दाव."

सुट्टीत घरी जाताना मी आधी तिकडे गेले. नांदूरघाटहून पुढे एका जीपनं सोडलं. तात्या रस्त्यावर उभे होते. रस्त्याच्या कडेला, जिथं वाडगं असायला हवं होतं, तिथं काही नव्हतं. लेंड्यांनी काळी पडलेली गोल जमीन आणि कुंपणाच्या काट्यांच्या खुणा. मी विचारलं, "वाडगं कुठं आहे?" त्यांनी बोट दाखवलं. लांब, पत्र्याच्या घराच्या अगदी दाराशी, अंगणात, काट्यांचं कुंपण दिसत होतं.

घराकडे जाताना मला दगड दिसले. पायवाटेच्या कडेला, बसता येतील असे सपाट, बाहेरून आणून नीट रोवलेले. काही लांब लांब होते. घर जवळ येत गेलं तसे ते एकमेकांच्या जवळ येत गेले. मी विचारायच्या आधीच तात्या बोलले. "आदी मधी एकच टाकला होता. म्हनलं, माझं गुडघं दुखत्यात, मला लागतो बसायला. ती म्हनली, बसा बाबा, मीबी बसते तुमच्यासंगं. मग एक पुरंना. मग आनिक टाकले. शेवटाला तर दारातनं निगाली की बसायची येळ यायची. मशीन आलं तवा म्हनलं, दगडं तरी किती टाकावी? वाडगंच उचलून आनलं."

"नळी पुरायची?"

"मोजून बांदलं की कुपाट."

मला सर आठवले. लोकर, धूळ, लेंड्यांचा वास, हे सगळं तिच्या छातीला वाईटच. विचारलं असतं तर सर नको म्हणाले असते, आणि मीही नको म्हणाले असते. म्हणूनच दोघांनी सांगितलं नव्हतं. यात चूक काय आणि बरोबर काय, मला अजून ठरवता येत नाही. मला एवढंच कळलं की ती खरं सांगत होती. नळी पोचत होती. ती निवांत होती.

सून चहा घेऊन आली. कळप आला तेव्हा तात्यांनी मला कुंपणाच्या तोंडाचं झापड उचलायला सांगितलं. कोकरं माझ्या पायांतून धावली आणि सगळं अंगण ओरडण्यानं भरून गेलं. एक कोकरू तेवढं मागे राहिलं. तात्यांनी एका मेंढीला गुडघ्यांत धरलं. तिनं त्यांना लाथ मारली. त्यांनी पुन्हा धरलं, आणि तिच्याशी हळू आवाजात बोलू लागले. शब्द मला ऐकू आले नाहीत. बऱ्याच वेळानं मेंढी शांत उभी राहिली आणि कोकरू पिऊ लागलं.

निघताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. तात्यांची छाती चांगली आहे, चाल अजून मेंढपाळाची, झपझप. मी वाटेत त्यांच्याकडे तपासायच्या सवयीनं बघितलं. श्वास संथ, एकसारखा, मानेची एकही शीर वर आलेली नाही. पहिल्या दगडाशी ते थांबले. "पाऊस बरा झाला तर चारा ऱ्हाईल औंदा," म्हणाले. दुसऱ्या दगडाशी थांबले. "तुझा बाप भट्टीपाशी असतो न्हवं? त्येला सांग, धुराला पाठ करून बसत जा." तिसऱ्याशी त्यांनी वहाण काढली, झटकली, आत बोट घालून बघितलं आणि पुन्हा घातली.

त्यांना दम लागलेला नव्हता. मी प्रत्येक दगडापाशी त्यांच्यासोबत थांबले, ते निघाले की निघाले.